फॉकलंडचं टसॅक गवत: बघायचं कसं, त्यातून चालायचं कसं आणि लावायचं कसं

अंटार्क्टिकाच्या क्रूझला जाणारे लोक आपल्याकडे आता बरेच झालेत, आणि त्यातल्या लांबच्या रूटवाल्या ट्रिपमध्ये फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया ही दक्षिण अटलांटिकमधली बेटं असतातच. परत आल्यावर सगळ्यांचे फोटो सेम, पेंग्विन, सील, अल्बट्रॉस, आणि मागे जे हिरवं-पिवळं उंच गवत दिसतं त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. वास्तविक त्या फोटोतल्या निम्म्या मंडळींचं घर तेच गवत. ते समजलं की त्याच ट्रिपमध्ये दुप्पट गोष्टी दिसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हा लांबलचक लेख. पहिला भाग बघणाऱ्यांसाठी, आणि दुसरा ज्यांना तिथे राहून हाताने काही काम करायचंय त्यांच्यासाठी, कारण हे गवत परत लावायचं काम तिथे चालतं आणि त्याला माणसं लागतात.

आधी गवत ओळखा

नाव टसॅक, साउथ जॉर्जियाच्या पुस्तकांत टसॉक लिहितात. शास्त्रीय नाव पोआ फ्लॅबेलाटा. फॉकलंड, साउथ जॉर्जिया, दक्षिण अमेरिकेचं टिएरा डेल फ्युएगोकडचं टोक आणि भर अटलांटिकमधलं गॉफ बेट, एवढ्याच भागात ते आपणहून उगवतं. फॉकलंडमध्ये मूळचं झाड एकही नाही, म्हणजे खरोखरच एकही नाही, त्यामुळे झाडाचं सगळं काम हे गवत करतं. वारा अडवणं, सावली, घरट्याला जागा, लपायला जागा, सगळं.

गवत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गुडघाभर काहीतरी येतं. टसॅक दोन-तीन मीटर उंच होतं, माणूस आत शिरला की दिसेनासा होतो. प्रत्येक ठोंब स्वतःच्या खांबावर उभा असतो. हा खांब म्हणजे वर्षानुवर्षांच्या मेलेल्या पानांचा आणि मुळांचा दाबून घट्ट झालेला ढीग, तिथले लोक त्याला बॉग म्हणतात. जिवंत हिरवी पानं सगळी वर, आणि वाळलेली पानं खांबाच्या चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत राहतात. ही लोंबणारी वाळकी पानं लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यांच्या आत आहे. ठोंबाठोंबांच्या मधे अरुंद बोळ असतात, वरून पानं एकमेकांना भिडलेली, खाली काळी ओली माती. बाहेर टोपी उडवणारा वारा आणि आत एकदम शांत. पहिल्यांदा आत शिरलात की हा फरक कानाला आधी कळतो.

हे गवत समुद्राला चिकटून राहतं, किनाऱ्यापासून काही शे मीटरच्या आत, फार उंचावर नाही. खारे तुषार त्याला चालतात, आणि खत द्यायला पक्षी आणि सील असतातच. पेंग्विन, अल्बट्रॉस, सील हे सगळे समुद्रात खातात आणि जमिनीवर येऊन घाण करतात, ते खत थेट मुळाशी जातं. म्हणजे प्राणी गवतावर अवलंबून आणि गवत प्राण्यांवर. बोशेन नावाच्या एका छोट्या बेटावर या गवताच्याच कुजण्यातून झालेला पीटचा थर दहा मीटरपेक्षा खोल आहे आणि त्याचं वय बारा हजार वर्षांच्या आसपास निघालंय.

मग ते गेलं कुठे? फॉकलंडमधलं मूळचं सुमारे 80 टक्के टसॅक आज नाहीये. या बेटांवर गवत खाणारा चार पायांचा प्राणी कधी नव्हताच. सस्तन प्राणी म्हणाल तर वॉरा नावाचा एक कोल्ह्यासारखा प्राणी होता, तोही 1876 मध्ये संपला, आणि तो काही गवत खात नव्हता. त्यामुळे टसॅकला चरणाऱ्या तोंडांपासून वाचायची सवयच लागली नाही. पानांच्या बुडाशी साखर साठवलेली, गोडसर, कोवळा गाभा तर माणूसही खाऊ शकतो. 1764 मध्ये बूगनव्हिल या फ्रेंच माणसाच्या वसाहतीबरोबर गुरं आली, मग सील मारणारे आले त्यांनी बेटंच्या बेटं पेटवली, आणि एकोणिसाव्या शतकात मेंढ्या आल्या. वर्षभर हिरवं असणारं गोड गवत मेंढी सोडेल कशाला, ती बुडापर्यंत कुरतडते, आणि बुड गेलं की ठोंब मेला. वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ हूकर 1842 मध्ये तिथे होता, त्याने चारा म्हणून या गवताची इतकी तारीफ केली की पुढे ब्रिटनमध्येही ते लावून बघितलं गेलं. चाऱ्याचं कौतुक बरोबरच होतं, फक्त तो चारा पुरवून खायला हवा हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

कुठे आणि कधी

सीझन ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे तिथला वसंत आणि उन्हाळा. उन्हाळा म्हटलं तरी दुपारचं तापमान दहा-पंधरा डिग्री आणि वर वारा, तेव्हा थर्मल, विंडप्रूफ, वॉटरप्रूफ पँट हे सगळं लागतंच.

क्रूझने गेलात तर कुठे उतरवतील ते त्यांच्या हातात. स्वतः जायचं असेल तर चिलीहून पुंता अरेनासमार्गे विमान आहे, नाहीतर इंग्लंडच्या ब्राइझ नॉर्टन एअरबेसवरून एअरब्रिज नावाची ब्रिटिश लष्कराची विमानसेवा. तिथे पोचल्यावर बेटांवर जायला लाल रंगाची छोटी आयलँडर विमानं, त्या सर्व्हिसला फिगास म्हणतात. त्यात सामानाचं वजन काटेकोर मोजतात, आणि तुमचंही मोजतात, लाजू नका.

टसॅक बघायला माझ्या मते ही ठिकाणं. कारकास आयलँड, इथे उंदीर-मांजरं कधी पोचलीच नाहीत म्हणून लहान पक्षी पायात येतात. सी लायन आयलँड, एलिफंट सीलसाठी. वेस्ट पॉइंट, इथे अल्बट्रॉसची वसाहत टसॅकच्या कडेलाच आहे आणि तुम्ही गवताच्या आडून अगदी जवळून बघू शकता. राजधानी स्टॅनलीजवळचं किडनी आयलँड, संध्याकाळसाठी, पण ते रिझर्व्ह आहे, परवानगी आधी काढावी लागते. स्टीपल जेसनवर ब्लॅक-ब्राउड अल्बट्रॉसची जगातली सगळ्यात मोठी वसाहत आहे, तिथली गुरंमेंढरं 1968 मध्ये काढली त्यानंतर गवत परत आलं, पण लाट जरा उंच असली तरी उतरता येत नाही, त्यामुळे मिळालं तर नशीब समजा.

साउथ जॉर्जियाचा प्रकार वेगळा. तिथे रेनडिअर होते, 1911 पासून नॉर्वेच्या व्हेल मारणाऱ्यांनी मांसासाठी आणून सोडलेले, आणि त्यांनी टसॅकचा फडशा पाडला. 2013 पासून ते काढायला सुरुवात झाली, उत्तर युरोपातल्या सामी पशुपालकांना बोलावून कळप हाकून गोळा केले, एकूण सहा हजारांहून जास्त जनावरं निघाली. त्याच सुमारास उंदरांची मोहीम, हेलिकॉप्टरने विषारी गोळ्या टाकून, आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. साउथ जॉर्जिया पिपिट नावाचा तिथला एकुलता एक गाणारा पक्षी टसॅकमध्ये घरटं करतो, तो उंदरांमुळे किनाऱ्यालगतच्या छोट्या बेटांवर अडकून पडला होता, आता मुख्य बेटावर परत आलाय. ग्रिटविकेनला, म्हणजे तिथल्या जुन्या व्हेलिंग स्टेशनला, उतरलात तर कान उघडे ठेवा.

बोटीतून उतरण्याआधी: साफसफाई

हा भाग बोअर आहे पण टाळता येत नाही. बाहेरच्या गवताचं एक बी किंवा एक पोटुशी उंदरीण पुरे होते. साउथ जॉर्जियाला उतरण्याआधी तुमचे कपडे-बूट तपासतात, आणि नापास झालात तर परत साफ करायला लावतात. आदल्या संध्याकाळी घरातल्या सुईने किंवा पेपरक्लिपने हे करा: बुटाच्या तळाच्या खाचा, जॅकेटची वेल्क्रो, पँटच्या मुडपीतली कुसळं, कॅमेरा बॅगचे कोपरे, ट्रायपॉडचे पाय. सह्याद्रीत ट्रेकला वापरलेली बॅग नेत असाल तर ती घरीच धुवून, उलटी करून झटकून, व्हॅक्यूम करून न्या, कारण आपल्या कुसळी गवताची बियाणं शिवणीत कुठे रुतून बसतात ते कळत नाही.

आणि आपल्या लोकांसाठी खास, खिशातली बडीशेप. खिसा झटका. बडीशेप, तीळ, धणाडाळ, हे सगळं बीच आहे. साउथ जॉर्जियाला किनाऱ्यावर खाणं न्यायलाच बंदी आहे, तेव्हा चकली-लाडू केबिनमध्येच ठेवा.

2023 पासून तिकडे बर्ड फ्लू पोचलाय, त्यामुळे जमिनीवर बसू नका, बॅग खाली ठेवू नका असे नियम लागू असतात. क्रूवर चिडू नका, ते बरोबर सांगतायत. रात्री बोटीवर पडदे लावायला सांगतात तेही मनापासून पाळा. रात्री घरट्याकडे येणारे पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी उजेडाला भुलून डेकवर आदळतात.

टसॅकमधून चालायचं कसं

इथे खरी काळजी. बाहेरून गवत मऊ दिसतं, पण आतमध्ये दोन-तीनशे किलोचा सी लायन झोपलेला असू शकतो, एलिफंट सील असेल तर टनाच्या हिशोबात. ते समुद्रापासून बरंच आत, डोंगरउतारावरसुद्धा येऊन बोळात आडवे पडतात आणि चिखलाच्याच रंगाचे असतात. मी पाळतो तो क्रम सांगतो.

आत शिरण्याआधी थांबा आणि ऐका. सील श्वास सोडताना भस्सकन आवाज येतो, आणि वासही येतो, कुजलेल्या मासळीचा आणि ओल्या कुत्र्याचा मिळून, एकदा नाकात बसला की विसरत नाही. मग टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत आत जा, म्हणजे जनावराला तुम्ही येताय हे कळतं. एकटे कधीच नाही. हातात काठी असेल तर पुढच्या वळणावरचं गवत आधी काठीने हलवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्राणी आणि समुद्र यांच्या मधे उभे राहू नका. तो घाबरला की सरळ पाण्याकडे धावतो, मधे कोण आहे ते बघत नाही.

ठोंबावर पाय देऊन वरून उड्या मारत जायचा मोह होतो, ते करू नका. एक तर पाय मधल्या फटीत जाऊन घोटा मुरगळतो आणि तिथे हॉस्पिटल शेजारच्या गल्लीत नाहीये. दुसरं म्हणजे वरचा कोंब तुटतो. साउथ जॉर्जियाला तर ठोंबाच्या माथ्यावर फर सील चढून बसलेला असतो, तुमच्या छातीच्या उंचीवर त्याचे दात.

जमिनीत बिळं असतात. मॅगेलॅनिक पेंग्विन बिळात राहतात, प्रायन आणि शिअरवॉटर हे समुद्रपक्षीसुद्धा, आणि पीट पोकळ होऊन वरून अगदी साबूत दिसतो. जिथे बिळांची तोंडं दिसतील तिथून लांबचा फेरा मारा. तरी पाय खचलाच तर तसंच पुढे जायचं नाही, खाली पडलेली माती हाताने बाजूला काढून बीळ मोकळं करायचं आणि वरचं भोक पिटाच्या ढेकळाने झाकायचं, नाहीतर आतलं पिल्लू अडकून मरतं.

प्राण्यांपासून अंतर कमीत कमी 6 मीटर, हा फॉकलंडचा नियम. ते आपणहून जवळ आले तर ठीक, तुम्ही जायचं नाही. आणि सिगरेट, लायटर, स्टोव्ह यातलं काही टसॅकमध्ये नाही म्हणजे नाही. वाळकी पानं भडकतात, आणि आग एकदा पिटात उतरली की जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते, पाणी मारून विझत नाही.

बघायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

बहुतेक लोक उतरले की थेट पेंग्विनकडे धावतात. मी म्हणेन आधी किनाऱ्यावर जिथे दगड, वाहून आलेलं समुद्रशेवाळ आणि गवत तिन्ही एकत्र भेटतात तिथे पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. शेवाळात किडे असतात, आणि तिथे येतो कॉब्स रेन. तपकिरी, चिमणीपेक्षा लहान, शेपटी वर. जगात फक्त फॉकलंडमध्ये, आणि तिथेही फक्त उंदीर नसलेल्या बेटांवर. तो दगडांच्या फटीत नाहीतर टसॅकच्या बुडाशी वाळक्या पानांत घरटं करतो, म्हणजे उंदराला जिन्याच्या पहिल्याच पायरीवर जेवण. त्यामुळे एखाद्या बेटावर उंदीर आहेत का हे विचारायची गरज नाही, रेन दिसला की उत्तर मिळालं.

त्याच पट्ट्यात टसॅकबर्ड भेटेल, काळपट तपकिरी, आणि भीती हा प्रकार त्याला ठाऊकच नाही. तुमच्या बुटाजवळ येऊन लेस ओढून बघेल, बॅगेच्या चेनवर टोच मारेल. कॅमेरा खाली धरा आणि स्तब्ध राहा, मोठ्या लेन्सची गरजच पडत नाही, उलट मोठी लेन्स असली तर फोकस होणार नाही इतका तो जवळ असतो.

मग ठोंबाचं बुड. वाळकी पानं उचकू नका, नुसतं वाकून बघा. उन्हाळ्यात इथे ग्रे-बॅक्ड स्टॉर्म पेट्रेल घरटं करतो, मूठभर पक्षी, दिवसभर आत गप्प. पायवाटेवर पिसं, पंखांचे तुकडे पडलेले दिसले तर नीट बघा, आसपास छोट्या कानांचं घुबड असणार. तेही टसॅकमध्येच जमिनीवर बसतं आणि रात्री पेट्रेल, किडे खातं. थ्रश, फिंच आणि गवतातला दुसरा एक रेन हेही इथेच.

वरच्या मजल्यावर जॉनी रूक. खरं नाव स्ट्रायेटेड कॅराकॅरा, शिकारी पक्षी, जगात फारच थोडे उरलेत आणि त्यातले बरेचसे फॉकलंडच्या बाहेरच्या बेटांवर. उन्हाळ्यात पेंग्विन-अल्बट्रॉसच्या वसाहतीवर जगतो, हिवाळ्यात उपाशी फिरतो. आणि चोर आहे. टोपी, हातमोजा, लेन्सचं झाकण, जे सुटं असेल ते उचलून नेतो, आणि उचलल्यावर लांब न जाता तुमच्यासमोरच बसून फाडतो. सुटं काही ठेवू नका, आणि मजा वाटली म्हणून खायला तर अजिबात घालू नका.

एलिफंट सील बघायचे तर दोन वेळा आहेत. ऑक्टोबरमध्ये वाळूवर नरांची मारामारी आणि पिल्लं. नंतर उन्हाळ्यात कात टाकायला ते टसॅकमध्ये घुसतात, एकमेकांना चिकटून चिखलात लोळतात, आठवडेच्या आठवडे. मारामारीचे व्हिडिओ सगळे काढतात, मला ही दुसरी वेळ जास्त आवडते. कातडीचे तुकडे गळतायत, ढेकर, शिंका, कोणीतरी कोणाच्या तोंडावर फ्लिपर टाकतंय आणि दोघंही झोपलेले.

आणि संध्याकाळ सोडू नका. किडनी आयलँडला सप्टेंबर ते मार्च सूटी शिअरवॉटर असतात. दिवसभर समुद्रावर, सूर्य मावळताना बेटाभोवती काळे थवे जमत जातात, आणि अंधार पडता पडता हजारोंनी एकदम आत येतात. लांब पंखांचे पक्षी, हवेत राजे पण उतरताना अगदीच धांदरट, टसॅकवर धपाधप पडतात आणि तिथून घरंगळत आपल्या बिळात. डोक्यावर हूड घ्या. टॉर्च लावायचाच तर लाल उजेड, तोही खाली. आपल्याकडचा हिवाळा संपत आला की ते उत्तर अटलांटिकला निघून जातात. पांढरी विष्ठा, पिसं, मासळीचं तेल हे सगळं त्या गवताला मिळतं, म्हणून किडनीचं टसॅक इतकं माजलेलं दिसतं. स्टॅनलीच्या जनावरांना चारा म्हणून पूर्वी इथलंच गवत कापून न्यायचे.

आता लावायचं कसं

फॉकलंड्स कन्झर्व्हेशन ही तिथली संस्था आणि बरेच शेतकरी मिळून टसॅक लागवड करतात, स्वयंसेवक घेतात. ज्यांना लांबचा मुक्काम शक्य आहे, कामानिमित्त तिथे आहेत, त्यांनी जरूर विचारावं. पद्धत कळायला आपल्याला अजिबात वेळ लागत नाही, कारण घराच्या मागे गवती चहाचा ठोंब फोडून ज्याने लावलाय त्याला निम्मं काम येतं.

जागा निवडणं सगळ्यात आधी. समुद्राच्या जवळ, तुषार पोचतील अशी, जिथे पूर्वी टसॅक होतं याच्या खुणा आहेत. जुने मेलेले खांब काळ्या गाठींसारखे उभे असतात, ती खूण सगळ्यात खात्रीची. उघडी पडलेली चिकण माती किंवा उडणारी वाळू असेल तर तिथे काम जास्त आणि जगण्याचं प्रमाण कमी, सुरुवात तिथून करू नका. ज्या कडेला अजून थोडं टसॅक उभं आहे तिथून बाहेर वाढवत जाणं सोपं.

दुसरं कुंपण, आणि ते लागवडीच्या आधी. हे मी मुद्दाम ओरडून सांगतोय. फॉकलंडमध्ये माणसं साडेतीन हजारांच्या आसपास आणि मेंढ्या जवळपास पाच लाख. रोपं लावून झाली, कुंपण पुढच्या महिन्यात करू, असं म्हटलं की ती रोपं मेंढ्यांसाठीच लावली असं समजायचं. भूशिर असेल तर बरं, मानेपाशी एक आडवं कुंपण घातलं की तिन्ही बाजूंनी समुद्र राखण करतो. तारेचं खालचं अंतर असं ठेवा की पेंग्विन ये-जा करू शकतील पण कोकरू शिरणार नाही, हे जागेवर बघूनच जमतं. पेंग्विनच्या रोजच्या वाटा पायांनी गुळगुळीत झालेल्या असतात, त्या आधी बघून घ्या आणि त्यांच्या आड खांब रोवू नका.

वेळ थंडीतली, म्हणजे तिथला हिवाळा ते वसंताची सुरुवात, जमीन ओली असते तेव्हा. उन्हाळ्यात वारा इतका कोरडा वाहतो की कापलेलं रोप दोन दिवसांत सुकतं. पाऊस तिथे वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास, कोकणात तेवढा जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडून जातो, त्यामुळे तिथे आहे ती ओल वाया घालवून चालत नाही.

आता रोपं. जवळच्याच निरोगी, जोमदार ठोंबाच्या कडेने काढायची, मधून नाही, आणि एकाच ठोंबातून सगळी नाही. कडेचे फुटवे हाताने धरून खाली आणि बाहेर ओढले की बुडासकट सुटून येतात, बुडाशी पांढरट जाड भाग आणि थोडी मुळं आली पाहिजेत. नुसती पानं हातात आली तर ती फेकून द्या. दोन-तीन फुटव्यांची एक जुडी. वरची पानं कापून वीतभर ठेवायची, म्हणजे वाऱ्यात पाणी कमी उडतं आणि रोप वाऱ्याने हलून मुळं सैल होत नाहीत. काढली त्याच दिवशी लावली तर उत्तम, नाहीतर ओल्या गोणपाटात, सावलीत. आणि हो, रोपं उंदीर असलेल्या बेटावरून नसलेल्या बेटावर न्यायची नाहीत, मातीच्या गोळ्यात तण, किडे काय काय जातं.

लावताना कुदळीने किंवा फावड्याने फट पाडायची, बुड खोल जाईल एवढी, जुडी आत, आणि टाचेने दाबून बंद. मग पान धरून हलकेच ओढून बघा, वर आलं तर परत लावा. हा ओढून बघायचा टप्पा कंटाळून लोक सोडतात आणि तिथल्या वाऱ्यात पहिल्या आठवड्यात निम्मी रोपं आडवी. अंतर एक मीटरच्या आसपास. सरळ ओळीत लावू नका असं मला वाटतं, तीन-तीन, चार-चारच्या गटात लावली तर एकमेकांना आडोसा देतात, पण ओळीत मोजायला सोपं पडतं म्हणून बरेच जण ओळच धरतात, दोन्ही चालतं.

खत म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ रोपाभोवती पसरतात, ओलही टिकते. उघड्या जमिनीवर मेंढ्यांची मळकट, शेणाने माखलेली, विकायला न चालणारी लोकर अंथरतात. दिसायला भयंकर, वासाचं तर विचारू नका, पण वाऱ्याने माती उडत नाही आणि हळूहळू खत मिळतं. पेंग्विन किंवा सील येणारी जागा असेल तर खताची चिंता त्यांच्यावर सोडा.

बियांपासूनही होतं. बी उन्हाळ्यात पिकतं, तुरे हातात चोळून बी सुटलं की गोळा करायचं, ट्रेमध्ये रोपं करून मग बाहेर. वेळ जास्त, पण ज्या बेटावर तोडायला जुने ठोंबच नाहीत तिथे हाच मार्ग.

लावल्यानंतरची तीन वर्षं

कमीत कमी तीन वर्षं आत एकही मेंढी नाही. पहिल्या उन्हाळ्यात रोपं पिवळी पडतील, घाबरू नका, मधला कोंब हिरवा आहे का तेवढं बघा. मेलेल्यांच्या जागी पुढच्या थंडीत परत लावा, आणि हे धरूनच रोपांचा हिशोब करा. हिवाळ्याच्या वादळानंतर कुंपण चालत तपासायचं, तारेत अडकलेलं शेवाळ काढायचं, नाहीतर वारा भरून खांबच उपटतो.

उंदरांचं काम वेगळं आणि ते हौशी माणसाने करायचं नाही, विषाचं आमिष कुठे, कधी, किती हे जाणकारांनी ठरवायचं असतं कारण मेलेला उंदीर जॉनी रूकने खाल्ला तर तोही जातो. तुम्ही करू शकता ते म्हणजे बेटावर सामान नेताना प्रत्येक खोकं, गोणी, दुमडलेली ताडपत्री किनाऱ्यावर उघडून बघणं. बोट उंदीर असलेल्या जागी रात्रभर बांधली असेल तर दुप्पट बारकाईने.

चौथ्या-पाचव्या वर्षी ठोंब एकमेकांना भिडायला लागले की शेतकरी विचारतोच, आता मेंढ्या सोडू का. त्याची जमीन आहे, प्रश्न रास्त आहे, आणि नाही म्हणून भांडण्यापेक्षा हिशोब घालून द्यावा. उन्हाळाभर बंद. हिवाळ्यात, दुसरीकडचा चारा संपलेला असताना, थोड्या मेंढ्या, थोडे दिवस, आणि पानं वरून खाऊन खालचं बुड उघडं पडायला लागलं की त्याच दिवशी बाहेर. गुरं मात्र नकोत, ती चरत नाहीत, ठोंब मुळासकट उपटतात आणि खांबाला अंग घासून तो पाडतात. जिथे बिळं झालीत किंवा पेट्रेल आत यायला लागलेत तो भाग मेंढ्यांनाही कायमचा बंद ठेवा, त्यासाठी आतल्या आत एक छोटं दुसरं कुंपण घालायची तयारी पहिल्या वर्षीच्या तारेच्या ऑर्डरमध्येच करून ठेवा, कारण स्टॅनलीपर्यंत सामान बोटीने येतं आणि उशिरा येतं.